थॉर्लीसाहेबांची पद्धत

देवखोल बंदर,
४ डिसेंबर १९७६

चि. दौलत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे दिवाळीचे पत्र पोचले. तू रियाधला गेल्यापासून पत्रात 'यल्ला' आणि 'खलास' घुसले आहेत. माझ्या हाताखाली सात वर्षे काढलेल्या मुलाने मराठीत तरी अरबांना आवर घालावा.

आता कामाचे. माझे थॉर्लीचरित्र संपत आले आहे. बावीस वर्षे लागली. एडविन थॉर्ली म्हणजे आपल्या शाळेचा पहिला हेडमास्तर, हे तुला ठाऊकच आहे. प्रार्थनेच्या हॉलमधली ती पांढऱ्या दाढीची तसबीर त्यांचीच. पाद्र्याचा मुलगा, नवव्या वर्षी ग्रीक घडाघडा वाचायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी आपल्या या माशाच्या वासाच्या बंदरावर आला आणि दहा वर्षे राहिला. कोळ्यांच्या आणि भटांच्या पोरांना एका बाकावर बसवून लॅटिन शिकवायचा. परत गेल्यावर मोठ्या विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला, नऊशे पानांचा कोश लिहिला आणि राजासारखा मेला. त्याच्यावर मराठीत एक ओळ नाही. पुण्याचे प्रकाशक जूनमध्ये छापायला तयार आहेत.

अडले आहे ते एवढेच. देवखोल त्याने १८६४ साली अचानक का सोडले, याचा पत्ता लागत नाही. त्याची खाजगी पत्रे विलायतेत त्याच्या कॉलेजात आहेत. तुमच्या कॅम्पावरचा इंग्रज इंजिनिअर त्याच गावचा, असे तू लिहिले होतेस. तो सुटीवर गेला की त्या वर्षाच्या पत्रांच्या फोटोप्रती काढून आणील का? शब्द टाकून बघ.

वर्गातली पद्धत थॉर्लीसाहेबांनीच घालून दिलेली, हे परवा जुन्या दप्तरात पक्के सापडले. बरोबर उत्तर देणाऱ्याने चुकलेल्याच्या कानाखाली द्यायची. हात हलका पडला तर साहेब स्वतः उठून ती कशी द्यायची ते दाखवत. त्यावर माझे अख्खे प्रकरण आहे. ते गेल्यावरही एकशे बारा वर्षे आपली शाळा त्याच पद्धतीने चालली आणि पोरे घडली. तू त्यातलाच.

तुझा,
शंकर आगवेकर

*

रियाध,
७ जानेवारी १९७७

ती. गुरुजींच्या चरणी सा. न. वि. वि.

इंजिनिअरसाहेबांना विचारलं. मार्चमध्ये जाणार आहेत, आणतो म्हणाले. त्यांना थॉर्लीचं नाव ठाऊक होतं. कॉलेजात म्हणे त्याचा संगमरवरी पुतळा आहे.

एक बातमी देतो. मी फोरमन झालो. कारकुनी सुटली. रियाधला पाणी आणणाऱ्या पाइपलाइनवर आमचे चाळीस वेल्डर आहेत, ते सगळे माझ्या हाताखाली. इथे सगळ्यांना घाई झालीय. जेद्दाच्या बंदरात सिमेंटची जहाजं महिनोन्‌महिने खोळंबलीत, रस्ते सकाळी नसतात ते संध्याकाळी असतात. आमच्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघतो. जोड फेल झाला की कापून पुन्हा करायचा, आणि मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, येऊन माझ्या नावाने शंख करतो.

पहिल्या महिन्यात सत्तर जोड फेल गेले. पगार कापून बघितला, शिव्या घालून बघितल्या. मग तुमची आठवण झाली. दर गुरुवारी काम सुटलं की सगळ्यांना रांगेत उभं करतो आणि निकाल वाचतो. ज्याचे सगळे जोड पास, त्याने ज्याचे फेल त्याच्या कानाखाली द्यायची. पहिल्या गुरुवारी लोक हसले. दुसऱ्या गुरुवारी एकाचा दात पडला. आता महिन्याला फार तर नऊ जोड जातात. मुदीरने मला घड्याळ दिलं.

आपल्या बंदरावरचे दोघं माझ्याकडेच आहेत. हफीजाबींचा जमालुद्दीन आणि शालनचा नवरा तुकाराम. एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात. तुकाराम हाताचा पक्का आहे. जमाल चेष्टेखोर, कामात लक्ष कमी, पण रविवारच्या पत्राची वाट बघणाऱ्या सगळ्या कॅम्पाला तोच हसवतो.

माझ्या डाव्या कानाने अजून ऐकू येत नाही. इथे मशीनच्या आवाजात त्याचा फायदाच होतो म्हणा. तुमची देणगी.

आपला आज्ञाधारक,
दौलत

*

देवखोल बंदर,
२ फेब्रुवारी १९७७

चि. दौलत यास आशीर्वाद.

तुझे पत्र शाळेत मोठ्याने वाचून दाखवले. थॉर्लीसाहेब अरबस्तानात पोचले, असे नव्या हेडमास्तरांना म्हटले तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. नवीन पिढीला छडी म्हणजे पाप वाटते.

एक सांगतो, रागावू नकोस. तू लहानपणी दोस्ताला मारायची वेळ आली की हात आखडता घ्यायचास. मग मला ती तुझ्याच कानाखाली देऊन दाखवावी लागे, त्यापायीच तुझा कान गेला. तिथे ती चूक करू नकोस, आणि कोणाला करूही देऊ नकोस. एकाने लाड केले की सगळी रांग सैल होते.

हफीजाबी दर शुक्रवारी जमालचे पत्र घेऊन माझ्या ओटीवर येते. वाचून झाले की तेच पुन्हा वाचायला लावते. जमालचा बाप तो पोटात असताना बुडाला, तिला दुसरे कोणी नाही. पोर येत्या ईदला येणार म्हणून तिने घराला चुना लावला आहे.

तुझा,
शंकर आगवेकर

*

रियाध,
१९ एप्रिल १९७७

ती. गुरुजींना सा. न.

वाईट बातमी लिहितो आहे. गेल्या गुरुवारी, १४ तारखेला, जमालुद्दीन वारला. त्याचं आणि तुकारामाचं कामावर भांडण झालं. भांडणात तुकारामाने त्याच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. जमाल इस्पितळात पोचण्याआधीच गेला. त्याला इथेच माती दिली. तुकारामाला पोलिसांनी नेलं.

इथला कायदा तुम्हाला सांगायला हवा. जिवाच्या बदल्यात जीव. शुक्रवारच्या नमाजानंतर चौकात तलवारीने मान उडवतात, मी एकदा गर्दीत सापडून पाहिलं आहे. पण मेलेल्याच्या वारसाने माफी लिहून दिली तर मान वाचते. मग सरकार देईल तो तुरुंग भोगायचा. जमालचा वारस म्हणजे हफीजाबी एकटीच.

गुरुजी, तुमचा शब्द ती मोडणार नाही. 'मी तुकारामाला माफ केलं' एवढंच लिहून तिचा अंगठा घ्या, मामलेदार कचेरीचा शिक्का मारा आणि कागद लवकर पाठवा. तुकारामाला वाचवा. मला झोप लागत नाही.

इंजिनिअरसाहेब परत आले. तुमचं पाकीट माझ्याकडे आहे.

दौलत

*

देवखोल बंदर,
११ मे १९७७

चि. दौलत यास आशीर्वाद.

मी हफीजाबीला सांगायला गेलो तेव्हा ती अंगणात मासळी वाळत घालत होती. ती रडली नाही. हातातली टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "गुरुजी, पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा वाचल्यावर तिने टोपली उचलून उरलेली मासळी वाळत घातली.

त्या संध्याकाळी मोहल्ल्यातली पंधरा-वीस पोरे तुकारामाच्या घरावर चालून गेली. मी मध्ये पडलो, मला कोणी जुमानले नाही. दार फोडले, कौले फोडली, तुकारामाची होडी कुऱ्हाडीने दुभंगली. शालन दारात आडवी झाली तर कोणीतरी वल्हे हाणले. तिचा उजवा हात कोपरापासून मोडला आहे. दुसऱ्या दिवशी आपल्या वाडीतल्या लोकांनी मोहल्ल्यातली दोन जाळी जाळली आणि एका म्हाताऱ्याला दगडांनी फोडला. आता बंदरावर पोलीस बसलेत. शंभर वर्षांत इथे हे झाले नव्हते.

मी माफीचे काढले. हफीजाबी म्हणते, "माझा जमाल आणि तुकाराम भाऊ भाऊ होते. शालनच्या बाळंतपणाला मी रात्रभर जागले. ते भांडले कशावरून, ते मला कोणीतरी सांगा. त्याशिवाय मी कशाला अंगठा लावू?"

खरेच, कशावरून भांडले? तू लिहिले नाहीस. तू तिथे होतास ना?

पाकीट येणाऱ्या माणसाबरोबर पाठव. प्रकाशक घाई करतो आहे.

शंकर आगवेकर

*

रियाध,
३ जून १९७७

गुरुजी,

हे पत्र टपालात टाकत नाही. आमचा खानसामा फकरुद्दीन सुटीवर येतो आहे, हे आणि तुमचं पाकीट त्याच्या हाती देतो.

आधी तुमच्या पाकिटाचं. मी ते उघडून वाचलं. थॉर्लीने बहिणीला लिहिलेलं पत्र आहे, ऑगस्ट १८६४चं. वर्गात बाळकोबा नावाचा बारा वर्षांचा मुलगा चुकला. बरोबर उत्तर देणाऱ्याने त्याला हळूच मारलं. साहेब उठले. हातात पितळी काठाची पट्टी होती, तिने त्यांनी बाळकोबावरच दाखवलं. मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. साहेबांनी मॅजिस्ट्रेटला लिहून दिलं की आपण खोलीत नव्हतो, शाळेच्या शिपायाने मारलं. शिपाई काळ्या पाण्यावर गेला. बहिणीला साहेब लिहितात, 'मी खोलीत होतो. हे तुझ्याशिवाय कोणाला कळायचे नाही. इथून लवकरात लवकर निघतो.' पुढच्याच परिच्छेदात ग्रीक क्रियापदांबद्दल लिहिलंय, सुंदर अक्षरात.

मी ते पत्र खोलीची कडी लावून वाचलं. वाचून झाल्यावर हे लिहायला बसलो. कारण मीही रांगेसमोर होतो.

त्या गुरुवारी तुकारामाचे सगळे जोड पास होते. जमालचे तीन फेल. मी तुकारामाला पुढे बोलावलं. त्याने जमालच्या गालाला नुसती बोटं लावली, लहान मुलाला लावावीत तशी. जमालने मेल्याचं सोंग केलं. सगळी रांग हसली. मुदीर गाडीत बसून बघत होता, तोही हसला.

मी म्हटलं, "अशी मारतात?" आणि पुढे गेलो. माझ्या हातात चोवीस इंची पाना होता. हातात काय आहे याचं भान नव्हतं, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. मला माहीत होतं. पहिल्या फटक्याला जमाल गुडघ्यावर बसला. कानातून रक्त आलं. त्याने माझ्याकडे बघून, "दौलतभाय, चुकलो," म्हटलं. आणि तो उठायला लागला. मी दुसरा घातला.

तुकारामाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणून रक्त त्याच्या कपड्यांवर होतं. पोलीस आले तेव्हा दुभाष्या मीच होतो. तुकाराम म्हणाला, "मी मारलं नाही, नुसता हात लावला." मी अरबीत सांगितलं, तो कबूल करतो आहे. बाकीचे अडतीस जण गप्प राहिले. सगळ्यांचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, माझ्या टेबलाच्या खणात असतात. तुकारामाला गाडीत घातलं तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. मी मदत करीन असं त्याला वाटत होतं.

माफीचा कागद मला तुकारामासाठी हवा आहे असं मी लिहिलं. तेही अर्धंच खरं. तुकारामाची मान वाचली की माझ्यावरचं ओझं उतरेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही, हा हिशेब होता.

मी काय करू ते सांगा. आजवर तुम्हीच सांगत आलात.

दौलत

*

देवखोल बंदर,
२२ जून १९७७

चि. दौलत यास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून जाळले. तूही हे वाचून जाळ.

शांतपणे ऐक. सोबत माफीचा कागद आहे. हफीजाबीचा अंगठा आणि मामलेदाराचा शिक्का दोन्ही आहेत. मी तिला सांगितले की पत्ते खेळताना शब्दाला शब्द वाढला, तुकाराम रडतो आहे, रोज तिचे नाव घेतो आहे. तिने अंगठा पुढे केला. कोर्टात हा कागद दे. तुकाराम पाच-सात वर्षांनी सुटेल. तू यथावकाश नोकरी सोडून ये. तू कबूल झालास तर जमाल परत येणार आहे का? एका मढ्याची दोन मढी होतील आणि बंदर पुन्हा पेटेल.

थॉर्लीचे पत्र मी ट्रंकेत ठेवले आहे. चरित्रात ते घालणार नाही. माणसाच्या सत्तर वर्षांच्या तपाला एका दुपारने मोजायचे नसते. देवखोल त्याने प्रकृतीच्या कारणाने सोडले, असे मी लिहिले आहे आणि प्रत पुण्याला रवाना केली आहे.

तू माझा सर्वांत हुशार विद्यार्थी. मला तुला गमवायचे नाही. यापुढे या विषयावर लिहू नकोस.

शंकर आगवेकर

*

रियाध,
१७ जुलै १९७७

गुरुजी,

मी तुमचा कागद घेऊन तुरुंगात गेलो. तुकारामाला जाळीआडून दाखवला. त्याचे समोरचे दात नव्हते आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. आत कोणी मारलं ते त्याने सांगितलं नाही. मी कागद वाचून दाखवला. तो म्हणाला, "हफीजामावशीला वाटतं मी मारलं?" बाकी काही विचारलं नाही. मानेचं नाही, सुटकेचं नाही, माझंही नाही.

तिथून मी बाहेर आलो नाही. ठाणेदाराच्या खोलीत गेलो आणि अरबीत सगळं सांगितलं, दोन्ही फटके, दुभाष्याचं काम, सगळं. त्यांनी मला दोनदा विचारलं की तुला कोणी धमकावलं आहे का. मग बेड्या घातल्या. संध्याकाळी मुदीरची दोन माणसं येऊन मला समजावून गेली. माझ्या तीन बरगड्या मोडल्यात, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. दुसऱ्या दिवशी अडतीसांपैकी सहा जणांनी येऊन साक्ष दिली. इकामे त्यांनी माझा खण फोडून काढून घेतले. बरं केलं.

कागद परत पाठवतो. त्यावर चुकीच्या माणसाचं नाव आहे.

माझी एकच विनंती. हे पत्र हफीजाबींना वाचून दाखवा, आणि तीन जूनचं जाळलंत तर त्यातलं तोंडी सांगा. माझ्यासाठी काही मागू नका. पत्त्यांची गोष्ट मात्र खोडून टाका. जमाल पत्ते खेळत नव्हता.

दौलत

*

देवखोल बंदर,
११ ऑक्टोबर १९७७

चि. दौलत,

तुझे पत्र हाती आल्यावर मी आठ दिवस ते घेऊन बसलो. नवव्या दिवशी गेलो. शालन हात गळ्यात बांधून तिथेच होती. हल्ली ती हफीजाबीकडेच राहते, हे मला कोणी सांगितले नव्हते. दोघींनी मला मध्ये थांबवले नाही. दुसऱ्या फटक्यापाशी मी थांबलो तर हफीजाबीच म्हणाली, "पुढे."

पत्त्यांचे खोटे मीच रचले, हेही सांगितले. तुझ्या कानाचे सांगितले. मी चोवीस वर्षांत किती पोरांना पोरांकडून मारवले, ते मोजता येईना. थॉर्लीचे पत्र ट्रंकेतून काढून तेही वाचले, मराठी करून. ते ऐकून ती एवढेच म्हणाली, "त्या शिपायाला आई असेल ना?"

गेल्या आठवड्यात तुकाराम आला. बंदरावर उतरल्यावर तो आधी स्वतःच्या घरी गेला नाही, हफीजाबीच्या पायाशी जाऊन पडला. मोहल्ल्यातली ती पोरे लांब उभी होती. त्यांतल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी येऊन शालनची कौले शाकारली.

काल मी हफीजाबीकडे तुझ्या माफीचे बोलायला गेलो. तू मागू नकोस म्हणालास, पण मला राहवेना. मी नवा कागद नेला होता, तुझ्या नावाचा. मी तिच्यासमोर पाटावर बसलो, टोपी काढली आणि म्हटले, "दौलतला मी घडवले. तो हाताशी नाही, मी आहे. तुझ्या मनाची शांती होईपर्यंत मला मार."

दौलत, मला वाटले होते ती मारील, आणि मारल्यावर मला मोकळे वाटेल. तिने हात उचलला नाही. मग म्हणाली, "गुरुजी, तुम्ही मलाही रांगेत उभं करता का?"

तिने कागद ओढून घेतला आणि विचारले, "यात काय लिहिलंय ते वाचा. तसंच्या तसं वाचा." मी वाचले. ती म्हणाली, "माझ्या जमालच्या नावावर दुसऱ्याची मान कापलेली मला नको. तो हसणारा पोरगा होता." शालनने शाई आणली. अंगठा लावताना हफीजाबीचा हात शालनने डाव्या हाताने धरला.

शिक्क्यासह कागद सोबत जोडला आहे. सरकारचा तुरुंग किती वर्षांचा ते कळव.

चरित्र मी पुण्याहून परत मागवले. बाळकोबाचे आणि शिपायाचे प्रकरण घालून पुन्हा पाठवले, तर प्रकाशकांनी छापायला नकार दिला. आता ते तसेच राहील. शिपायाचे नाव शोधतो आहे. शाळेच्या दप्तरात त्याच्या पगाराच्या रकान्यात फक्त 'शिपाई' आहे.

हफीजाबीचा निरोप आहे. सुटलास की आधी तिच्या दारात ये आणि तिला सगळे तुझ्या तोंडाने सांग, पत्राने नको. ती तोपर्यंत जगायचा प्रयत्न करील, म्हणाली. मी विचारले, मी त्या वेळी बरोबर येऊ का. ती नको म्हणाली.

शंकर आगवेकर